१९७० पासूनच्या राहिलेल्या घंटा

शाळेच्या लिनक्सवाल्या कॉम्प्युटरमधला बटणाएवढा सेल मेलाय. त्यामुळे वीज जाऊन आली की तो डोळे चोळत उठतो आणि छातीठोकपणे सांगतो, आज एक जानेवारी १९७०. इथवर ठीक, आमच्या घरात याहून वाईट उठणारी माणसं आहेत. पण मग इंटरनेटवरून खरी वेळ येते आणि घंटा वाजवणारा प्रोग्रॅम दचकतो: अरे देवा, मधल्या पन्नासेक वर्षांच्या घंटा राहिल्याच! प्रामाणिक प्राणी. तो सगळ्या वाजवायला घेतो.

काल ऐन पेपरात हेच झालं. बोर्डाचे निरीक्षक म्हणाले, "उद्या एक जरी घंटा चुकली, तर केंद्र रद्द. मुलं जातील पलीकडच्या गावी."

मुख्याध्यापिका माझी मावशी. तिनं घरातल्या एकमेव लिनक्सवाल्या बेकाराला, म्हणजे मला, सकाळी अंथरुणातून उचलून आणलं. नवा सेल मामा आणणार होता. मामा केव्हाचा 'निघालो' होता.

"घंटा आधी उठतेय आणि घड्याळ जुळवणारी सर्व्हिस मागून," मी म्हणालो. "घंटेला सांगतो, तिच्यानंतर सुरू हो."

"मग सांग ना! मला काय सांगतोस?"

सांगितलं. प्लग ओढला, लावला. घंटा वाजली. परत वाजली. वाजतच राहिली. आवारात जमलेली मुलं सुट्टी समजून आनंदानं फाटकाकडे पळाली, मावशी त्यांच्यामागे. मी स्पीकरची वायर उपटली.

"गाढवा, क्रम लावलास ना?" मावशी धापा टाकत परत आली.

"लावलाय! घड्याळवाली आधीच सुरू झालीये, हे बघ."

तिनं चिडून मामाला फोन लावला. "कुठे आहेस?"

"निघालो की!" फोनमध्ये मागे बादली भरल्याचा आवाज येत होता.

मी त्या बादलीकडे कान लावून बसलो. घड्याळवालीसुद्धा आमच्याच घरातली निघाली. सुरू झाली म्हणजे वेळ जुळली, असं नाही.

"मावशी, मामा निघालो म्हणाला की ताट वाढतेस?"

"वेड लागलंय का मला? दारात चप्पल दिसल्याशिवाय पानाला हात लावत नाही."

वेळ खरोखर जुळेपर्यंत वाट अडवून बसणारी एक वेगळी सर्व्हिस तिथेच बंद पडून होती. ती चालू केली आणि घंटेला तिच्यामागे उभं केलं. वायर लावली, प्लग ओढला, लावला. शांतता.

"वाजत का नाहीये?"

"वाजायची वेळ नाहीये म्हणून."

"पण वाजेल ना?"

पेपर सुरू झाल्याची वाजली. मावशी मात्र बसेना. मीही खुर्चीच्या टोकावर. आणि पेपर संपत आला तशी वीज गेली.

लगेच आली. कॉम्प्युटर उठला, १९७० म्हणाला. राउटरचा दिवा लाल, म्हणजे इंटरनेट नाही. निरीक्षक मनगटावरचं घड्याळ घेऊन दारात उभे. मावशीनं माझा दंड असा धरला, की जणू मीच राउटर.

"वाजेल ना रे?"

"राउटरला विचार."

दिवा हिरवा झाला. निरीक्षकांनी मान वर केली आणि घंटा वाजली. एक. पेनं खाली पडली.

"ठीक," ते म्हणाले आणि उत्तरपत्रिका गोळा करायला गेले.

मावशीनं दंड सोडला. मी अजून दुसऱ्या घंटेची वाट बघत वायर धरून होतो.

तेवढ्यात दारात चप्पल वाजली. ओल्या केसांचा मामा, हातात सेल.

"एवढी घाई कशाला केलीस?" मावशी म्हणाली.