काळ्या एडक्याच्या खुंटीवरची निळी जर्सी

मी एक जुनी निळी जर्सी आहे. माणसाच्या अंतःकरणातल्या अपार करुणेची मी साक्षीदार आहे. माझ्यामुळे आमच्या गावच्या टेकडीवरील हॉस्पिसला नवे छप्पर मिळाले, विजेवर वरखाली होणारा आंघोळीचा टब मिळाला आणि शेवटचे दिवस मोजणाऱ्या माणसांसाठी दोन जादा खाटा मिळाल्या. मित्रांनो, यातला एकही पौंड करुणेपोटी आलेला नाही. सगळे सूडापोटी आले. खाटा मात्र चांगल्या आहेत.

माझा जन्म लेस्टरच्या एका शिवणकारखान्यात झाला. मुक्ताबेन नावाच्या बाईंनी मला शिवले. त्यांना फुटबॉलमधले काही कळत नव्हते, त्यामुळे त्यांच्या मनात कोणाविषयी राग नव्हता. पाठीवरचा नऊचा आकडा त्यांनी किंचित तिरका लावला, मानेमागे नावाची पट्टी टाचली आणि माझ्या चौदा बहिणींबरोबर मला खोक्यात ठेवले. पुढची कित्येक वर्षे इतक्या मऊ हाताने मला कोणी धरले नाही.

वॅदरक्लिफला मी आले ती अपघातानेच. वॅदरक्लिफ म्हणजे आमचे गाव. त्याचा रंग लाल. सहा मैलांवर ऑल्डरॉइड. त्याचा रंग निळा. या दोन गावांत शंभर वर्षांत सोयरिकी जमल्या त्या सातच, आणि त्यातल्या चार मोडल्या. १९९६ च्या एप्रिलमध्ये ऑल्डरॉइडने आमच्या घरच्या मैदानावर आम्हाला तीन गोल घातले. त्याच दुपारी मला अंगात घातलेला एक माणूस 'काळा एडका' या पबमध्ये आला, घाईघाईने एक बिअर प्यायला, उकडतंय म्हणून मला काढून खुर्चीवर टाकले आणि बस सुटेल म्हणून बनियनवरच पळाला. मी खुर्चीवर राहिले. निळी होते. पुढची चौकशी कोणी केली नाही. छातीवर संघाचा बिल्ला नाही हे कोणाच्या तरी लक्षात आले, तेव्हा "भित्र्याने पळायच्या आधी स्वतःच उपटला असणार" असे एकमताने ठरले.

त्या दिवसापासून मी दाराजवळच्या खुंटीवर टांगलेली आहे. येणारा जाणारा मला बोट लावून ते बोट पँटला पुसत असे. मला धुवायचे नाही, असाही ठराव झाला. धुतली तर ऑल्डरॉइडवरचा शाप उतरेल म्हणे. बिअर, तंबाखू आणि मटणाच्या रश्शाचे थर माझ्यावर चढत गेले. माझ्या हाती एकच गोष्ट होती. मी नायलॉनची आहे. जो मला घालील त्याला मी खाजवत असे, मनापासून.

मला घालण्याची प्रथा पबच्या मालकीणबाईंनी, विनी टॅटर्सॉल यांनी, सुरू केली. त्यांचे यजमान टेकडीवरच्या हॉस्पिसमध्ये गेले होते. तिथल्या लोकांनी त्यांच्या वेदना आवरल्या, उशा सारख्या केल्या आणि बरे होण्याचा आग्रह धरला नाही. हे ऋण फेडावे म्हणून विनीने काउंटरवर एक डबा ठेवला. महिनाभरात त्यात नऊ पौंड आणि एक बटण जमले. मग विनीने डोके चालवले. लोणच्यातल्या अंड्यांच्या रिकाम्या बरण्या धुतल्या, प्रत्येकीवर एकेका गिऱ्हाइकाचे नाव चिकटवले आणि फळ्यावर लिहिले: ऑल्डरॉइडशी सामना असेल त्याच्या आदल्या शनिवारी दुपारी दोन वाजता ज्याच्या बरणीत सर्वांत जास्त पैसे, त्याने ही निळी जर्सी घालून मध्यंतरात हॉस्पिसची बादली घेऊन आपल्याच मैदानाला फेरी मारायची.

दयेला जे जमले नाही ते द्वेषाने आठवड्यात करून दाखवले.

बरण्यांमध्ये खरी लढत दोघांची. हर्बर्ट सग्डेन नळदुरुस्ती करत असे. देहाने आडवा, स्वभावाने चिवट. सिरिल बॅराक्लफचे खाटकाचे दुकान होते. देहाने काटकुळा, जीभ सुरीसारखी. दोघे एकाच बाकावर शाळा शिकले होते आणि तिथूनच भांडत होते. २००९ मध्ये सिरिलने नाताळातल्या टर्कीचा सगळा नफा हर्बर्टच्या बरणीत ओतला. हर्बर्टने मला घातले. मी मध्यम मापाची. त्याचे पोट माझ्याखालून दोन इंच बाहेर आले. नेमके त्याच वर्षी आमच्या गावाने एकोणीस वर्षांनी ऑल्डरॉइडला हरवले, तेही चार गोलांनी. गावाच्या आयुष्यातला सर्वांत आनंदाचा दिवस, आणि वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर छायाचित्र कोणाचे? निळ्या जर्सीतल्या हर्बर्टचे. सिरिलने ते कापून दुकानात, डुकराच्या मांड्यांच्या शेजारी लावले.

"याला मी ही घालायला लावणार," हर्बर्ट म्हणाला. "याला घालून मगच मरणार."

"आधी तू मर, मग बघू," सिरिल म्हणाला. "पोटाचं माप देऊन ठेव. पेटी मोठी लागेल."

त्यानंतर दरवर्षी हर्बर्ट सिरिलच्या बरणीत पैसे ओती आणि दरवर्षी दोनला पाच कमी असताना सिरिल पाद्रीबाबांची बरणी भरून स्वतः सुटे. पाद्रीबाबांना वाली कोणी नव्हता. त्यांनी मला अकरा वेळा घातले आणि क्षमेवरचे त्यांचे प्रवचन दरवर्षी आखूड होत गेले. हॉस्पिसच्या मिसेस ऑर्म दर गुरुवारी पावती द्यायला येत. मोठ्या सुशील बाई. त्या हर्बर्टला हळूच म्हणत, "तुम्हाला म्हणून सांगते, सिरिल यंदा फार खुशीत दिसतात." मग सिरिलच्या दुकानात जाऊन अर्धा किलो सॉसेज घेत आणि त्यालाही तेच म्हणत. टब त्यातूनच आला.

मग एका मार्चमध्ये सिरिलचे दुकान बंद दिसले. आठवड्याने कळले की तो टेकडीवर आहे, हॉस्पिसमध्ये. दोन जादा खाटांपैकी खिडकीजवळच्या खाटेवर.

विनीने सिरिलची बरणी उचलली आणि कपाटात ठेवायला निघाली.

"ठेव ती खाली," हर्बर्ट म्हणाला.

विनी म्हणाली, "हर्बर्ट, माणूस मरायला टेकलाय रे."

"टेकलाय ना? मेला नाही ना? अकरा वर्षं भरतोय मी ती बरणी. आता हा मरणाची सबब सांगून सुटणार? हा सुटायला काहीही करील, मी ओळखतो त्याला!"

"लाज वाटत नाही?"

"वाटते. जर्सी घातली तेव्हा वाटली. नियम काय ते फळ्यावर लिही."

विनीला इतका राग आला की तिने खडू मोडला. मग उरलेल्या तुकड्याने तिने लिहिले: 'जो श्वास घेतो तो उमेदवार.' खाली हर्बर्टने सही केली. त्या शनिवारी दोन वाजता सिरिलची बरणी जिंकली. शेवटच्या पाच मिनिटांत पाद्रीबाबांची बरणी भरायला कोणी आले नाही.

सामन्याच्या दिवशी हर्बर्टने मला खुंटीवरून काढले, सिरिलच्याच दुकानाच्या पिशवीत कोंबले आणि टेकडी चढला. वॉर्डाच्या दारात नर्स ग्लोरियाने पिशवीत डोकावले आणि नाक धरले.

"ही आत येणार नाही."

"धुवायची नाही," हर्बर्ट म्हणाला. "परंपरा आहे आमची."

"माझ्या वॉर्डात परंपरा गरम पाण्यात धुतात. व्हरांड्यात बसा. चहा घ्या."

मित्रांनो, तिने मला धुतले. पंचवीस वर्षांनी माझ्या अंगातून काळे पाणी निघाले. मला रडू आले असते, पण नायलॉन पाणी धरत नाही. वाळल्यावर ग्लोरियाने कात्री घेतली आणि माझी पाठ वरपासून खालपर्यंत, तिरक्या नऊच्या मधून, चिरली. तिथे सगळ्यांचेच कपडे असे पाठीत कापतात. दुखऱ्या माणसाला उचलावे लागत नाही, पुढून घालून मागे बंद बांधता येतात. मी हे सगळे बिनतक्रार सोसले. सूडासाठी काहीतरी द्यावे लागतेच.

मग ती मला घेऊन सिरिलजवळ गेली. तो पूर्वीच काटकुळा. आता नुसता काटा उरला होता.

"मानेमागे पट्टी आहे नावाची," ग्लोरिया म्हणाली. "टोचेल तुम्हाला. काढू?"

"काय लिहिलंय?"

तिने वाचून दाखवले. सिरिलने चष्मा मागितला आणि स्वतः वाचले. मग तो हसू लागला. इतका हसला की नाकातली नळी निसटली आणि ग्लोरियाला ती पुन्हा बसवावी लागली.

"काढ," तो म्हणाला. "आणि मला एक पाकीट दे बाई. व्हरांड्यातल्या त्या रेड्याला काही बोलू नकोस."

हर्बर्ट आत आला. सिरिलने मुकाट्याने हात पुढे केले. हर्बर्टने आधी त्याचा सुई टोचलेला हात माझ्यात घातला, मग दुसरा. नळाचे आटे फिरवताना करतो तसा तो जीभ दातांत धरून काम करत होता. बंद बांधायला त्याला पाच मिनिटे लागली.

"घट्ट झालं का?" त्याने विचारले.

"झालं. तुला समाधान झालं?"

"झालं."

"मग चेहरा असा का? नळ गळतोय तुझा."

"गप्प बस," हर्बर्ट म्हणाला आणि खुर्ची ओढून बसला. दोघांनी रेडिओवर सामना ऐकला. आम्ही हरलो. मी सिरिलला खाजवले नाही. ती माझी दया नव्हती. गरम पाण्याने माझी धार गेली होती.

नऊ दिवसांनी सिरिल गेला. हर्बर्ट अंत्यविधीला गेला, मागच्या रांगेत उभा राहिला आणि परत आला. मी पुन्हा खुंटीवर. तो वर्षभर माझ्याकडे बघत बसे. बरणी भरायला त्याला कोणी उरले नव्हते. मिसेस ऑर्म गुरुवारी येत, पावती देत आणि उसासा टाकत.

पुढच्या एप्रिलचा तो शनिवार. दोनला पाच कमी. दार उघडले आणि वकिलाच्या कचेरीतले एक गृहस्थ आत आले. त्यांनी टोपी काढली, एक लठ्ठ पुडके विनीच्या हाती दिले आणि म्हणाले, "दिवंगत श्री. बॅराक्लफ यांची मांस पोचवायची गाडी विकून आलेली रक्कम. श्री. सग्डेन यांच्या बरणीसाठी."

हर्बर्ट उठला. खिशात अकरा पौंड होते. ते त्याने काउंटरवर आपटले.

"सिरिलच्या बरणीत टाक! वाटेल तेवढे आणतो! घर गहाण टाकतो!"

विनीने फळ्याकडे बोट दाखवले. 'जो श्वास घेतो तो उमेदवार.' खाली हर्बर्टची सही.

"पाद्रीबाबा..." हर्बर्ट म्हणाला.

"अकरा पौंडांत?" विनी म्हणाली. दोन वाजले.

पुढच्या शनिवारी, सामन्याच्या मध्यंतरात हर्बर्ट मैदानात उतरला. पाठीत चिरल्यामुळे या वेळी मी त्याला व्यवस्थित बसले. मागे विनीने लहान मुलाच्या लाळेऱ्यासारखी बंदांची फुले बांधली. त्याच्या उघड्या पाठीवर एप्रिलचा वारा लागत होता. आपल्याच चार हजार माणसांनी त्याची एका सुरात हुर्यो उडवली. कोणीतरी रस्सा भरलेला मटणाचा पॅटिस फेकला. तो नेमका नऊच्या आकड्यावर बसला. "सिरिलने पाठवलाय!" वरून ओरड झाली. हर्बर्ट थांबला नाही. बादली जड झाली तशी त्याने दोन्ही हातांत धरली, आणि हॉस्पिसच्या आजवरच्या फेऱ्यांत ती सर्वांत जड भरली.

संध्याकाळी पबमध्ये विनीने त्याच्यासमोर वकिलाच्या पुडक्यातून निघालेले एक पाकीट ठेवले. वर सिरिलचे वेडेवाकडे अक्षर: 'फेरी मारून झाल्यावर.'

मित्रांनो, निरोप घेण्यापूर्वी एक विनंती. कपडा आपला असो की शत्रूचा, त्याला वेळच्या वेळी धुवावे. रंग बघून त्याला खुंटीवर टांगण्यापूर्वी मानेमागची पट्टी वाचावी. माझी पट्टी पंचवीस वर्षे तिथेच होती. मला बोलता येत नाही, आणि आले असते तरी मी बोलले नसते. मला बोट लावून पँटला पुसणाऱ्या त्या सगळ्यांचा हिशेब मला गप्प राहूनच पुरता चुकता करता येत होता.

हर्बर्टने पाकीट फोडले. आत एक कागद होता: 'हर्बर्ट, ऑल्डरॉइडची जर्सी मी जन्मात घातली नाही. तूही घातली नाहीस. पण मला त्यावर हसून घेता आलं.' त्यासोबत कापडाची एक पट्टी टेबलावर पडली. हर्बर्टने ती उलटसुलट पाहिली आणि विनीकडे सरकवली. चष्मा त्याच्या डोळ्यांवर होता, तरी म्हणाला, "तूच वाच."

विनीने वाचले.

"बेल्थॉर्न रोड बस आगार, कॅन्टीन संघ. कोमट पाण्यात धुवावे."