बाह्या राहिल्यात

टेलरमास्तर एरवी चित्रांच्या प्रदर्शनाला मेले तरी गेले नसते. पण सुट्टीच्या दिवशीही गिऱ्हाइकं घरी तगादा लावायला येत, म्हणून बायकोने चल म्हटल्याबरोबर ते निमूट निघाले.

उजेडाने कागद खराब होतो म्हणून प्रदर्शनाच्या त्या खोलीत मिणमिणता दिवा होता. त्याखाली चारशे वर्षांपूर्वी तांबूस खडूने काढलेला एका बाईचा चेहरा. पापण्या रेशमाच्या धाग्यासारख्या, आणि गालावर खडू टेकवला होता की नुसती फुंकर घातली होती, तेच कळेना. खाली मात्र झग्याच्या दोन रेघा ओढून चित्रकाराने हात झटकले होते.

मास्तर भडकले. "हे काय? चेहऱ्यात एवढा जीव ओतला आणि झगा तसाच टाकला? बाह्या कुठायत? चारशे वर्षं झाली, बाई बिचारी अजून ताटकळतेय! कामचुकार लेकाचा!"

लोक वळून बघायला लागले. "हळू बोला हो," बायको म्हणाली. "आणि झगा सोडा. डोळे बघा तिचे."

मास्तरांनी चष्मा पुसून पाहिलं. एक भुवई जराशी वर चढलेली. ओठांवर हसू यायचं होतं, पण अडलं होतं. ही बाई रागावली नव्हती, तिचा फक्त विश्वास उडत चालला होता. दुकानाच्या दारात उभं राहून "झाला का हो ब्लाउज?" विचारणाऱ्या प्रत्येकीची नजर त्या चित्रकाराने हुबेहूब पकडली होती.

मान खाली घालून मास्तर चित्राला म्हणाले, "फक्त बाह्या राहिल्यात, ताई. उद्या नक्की."