पाठीवरचं निळं

पेनड्राइव्हचं टोपण कधीच हरवलं होतं, त्यामुळे कोटाच्या खिशात त्याचं उघडं टोक अंगठ्याला सारखं लागत होतं—थंड, चौकोनी, कडेला धारदार—आणि व्हर्ना थीसन कॉम्प्युटरच्या दुकानात शिरल्यापासून तेच चाचपत उभी होती. समोर भिंतभर पडदे पेटलेले, आणि सगळ्यांवर एकच पोपट. बारा पडद्यांवर बारा तऱ्हेचा हिरवा. कुठे कच्च्या सफरचंदाचा, कुठे बाटलीचा, कुठे आजारी माणसाच्या तोंडासारखा... यातला खरा पोपट कुठला, हे सांगायला पोपट काही कॅनडातल्या विनिपेगात येणार नव्हता.

"मॅडम, फोटोंचं काम म्हणालात ना? मग आधी वेग बघा," दुकानातला रोमेल म्हणाला. पन्नाशीचा, गोल चेहऱ्याचा फिलिपिनो माणूस, गळ्यात नावाची पट्टी. "हा कॉम्प्युटरचा डबा घ्या. शंभर फोटो एकदम उघडले तरी हूं की चूं करणार नाही."

"मला पडदा बघायचाय. रंग खरे दाखवणारा."

"पडदा काय, कुठलाही लावा! लोक इथे येऊन पडद्याच्या प्रेमात पडतात आणि घरी जाऊन मशीन हळू चालतं म्हणून मला शिव्या देतात. काढता कसले फोटो? लग्नांचे?"

"काढत नाही. दुरुस्त करते. बाळांचे."

"अरे वा! म्हणजे रडकी पोरं हसरी करायची. मजा आहे तुमची!"

व्हर्ना हसली. या ठिकाणी हसायचं असतं हे ती आठ वर्षांत शिकली होती. ती बाळं रडत नाहीत हे कुणाला, कुठल्या तोंडानं सांगायचं? जन्मतःच गेलेली, नाहीतर तासभर श्वास घेऊन थांबलेली—इस्पितळातून कुणीतरी फोन करतं, फोटो काढणारी एक बाई जाते, काढते, आणि ते फोटो व्हर्नाकडे येतात. सुटलेली कातडी, काळवंडलेले ओठ, नळ्यांचे वळ. व्हर्ना ते सगळं हलक्या हातानं मिटवते, फुकट, तळघरातल्या खोलीत बसून, आणि आईला भिंतीवर लावता येईल असं बाळ परत पाठवते. आजवर दोनशे त्रेचाळीस. कॉर्नी, तिचा नवरा, याला 'तुझं चर्चचं काम' म्हणतो, आणि ती खोलीत असली की वर टीव्हीचा आवाज कमी करतो.

सहा दिवसांपूर्वी पत्र आलं होतं. उत्तरेकडच्या एका क्री आदिवासींच्या वस्तीतून, डार्लीन स्पेन्स नावाच्या आईचं. ओरडा नव्हता, शिवी नव्हती... असती तर बरं झालं असतं. 'फोटो सुंदर आहेत. पण तिच्या पाठीवरचं निळं कुठे गेलं? आमच्या सगळ्या मुलांना ते असतं. माझ्या आईनं तिला हातात घेतल्यावर आधी पाठ उलटी करून तेच पाहिलं आणि म्हणाली, आपलीच आहे. ते परत मिळेल का?'

एवढंच. व्हर्नानं उत्तर दिलं नव्हतं. कॉर्नीला पत्राचं सांगितलंही नव्हतं. नाश्त्याला एवढंच म्हणाली होती, की मॉनिटर गेलाय.

"तीन वर्षं मी दुसरं काय सांगतोय?" पावावर जॅम थापत कॉर्नी म्हणाला होता. "पण तुलाच त्या खटाऱ्याचा पुळका."

गेलाच होता मॉनिटर. नऊ वर्षांचा, डावा कोपरा पिवळट, रंग जुळवायचं यंत्र लावलं तरी निळा करड्याकडे झुकणारा. आणि करडट निळं म्हणजे मुका मार, हे या कामात कुणीही सांगेल. जन्माच्या वेळी लागतो, आणि तो आधी काढायचा असतो. चांगला पडदा असता तर ते मार नाही हे लगेच दिसलं असतं. दिसलंच असतं... म्हणून आज पेनड्राइव्हवर मूळ फोटो आणला होता. फोटो घराबाहेर न्यायचे नाहीत असा नियम आहे, तेव्हा चेहरा, दुपटं, आईचे हात सगळं कापून फक्त पाठ ठेवली होती. चांगल्या पडद्यावर ते निळं स्वच्छ निराळं दिसलं की झालं—मग डार्लीनला लिहायचं, माझा मॉनिटर जुना होता हो, मला माफ करा.

याआधी फोटो छापायच्या लॅबमध्ये वीस वर्षं तिनं हेच केलं होतं. छापलेल्या फोटोंवर धुळीचे पांढरे ठिपके राहायचे, ते रंगानं भरायचे. तीन केसांचा ब्रश, टोक यावं म्हणून ओठांत धरायचा. संध्याकाळी सगळ्या बायकांच्या जिभा करड्या. तिथे एकदा एका नवरदेवाच्या हनुवटीवरचा तीळ तिनं भरून टाकला होता, आणि दिवसभर सगळ्या हसल्या होत्या. नवरीनं ओळखलं का गं त्याला? व्हर्ना सगळ्यांत जास्त हसली होती.

"लावू?" पेनड्राइव्ह पुढे करत ती म्हणाली.

रोमेलनं सगळ्यांत महागड्या पडद्याला जोडला. पोपट गेला आणि पाठ आली. वीतभर पाठ, भिंतीएवढी. मणक्याच्या खाली, डावीकडे, तळहाताच्या खळग्याएवढं निळं. कडा विरघळत गेलेल्या. व्हर्ना पुढे वाकली. दिसतंय का निराळं? मार पिवळा पडतो, मध्ये जांभळा असतो... हे सगळीकडे सारखं आहे. पण हे मला आता ठाऊक आहे म्हणून दिसतंय, की—

"अरे!" रोमेल एकदम फुलला. "ही खूण तर आमच्याकडेही असते! माझ्या दोन्ही पोरींना होती. धाकटीची तर एवढी मोठी, की इथल्या नर्सबाई माझ्याकडे संशयानं बघायला लागल्या. म्हटलं, बाई, मारलं नाही हो, आमच्यात असतंच!"

व्हर्नानं मान हलवली. मग तिनं रांगेच्या टोकाकडे बोट दाखवलं, जिथे शाळकरी पोरांना घेऊन देतात तो सगळ्यांत स्वस्त पडदा होता, धुरकट, धुवून धुवून विटलेल्या चादरीसारखा.

"त्याच्यावर लावा."

"त्याच्यावर? मॅडम, त्याच्यावर तर पोपटसुद्धा कावळा दिसतो."

"लावा ना."

त्यानं लावला. रंग उडाले, पाठ मातकट झाली, आणि निळं तिथेच होतं. रोमेल हात बांधून त्याच्याकडे मायेनं बघत होता. त्याला ते ओळखायला कुठलाच पडदा लागला नसता.

"पाच वर्षांची होईपर्यंत आपोआप जाते ही," तो म्हणाला. "हिची गेली का?"

"गेली," व्हर्ना म्हणाली. "मी काढली."

"फोटोतली ना? हात्तिच्या! मूळ फोटो आहे की हा. परत आणा. त्यात काय एवढं!"

खिशात फोन थरथरला. कॉर्नी. "काय गं, झालं का? की अजून पडद्यांना नजर लावत बसलीयेस? इकडे गाडीत माझा बर्फ झालाय."

"होतंय," ती म्हणाली. "हीटर लाव."

परत आणता येईल, खरंच आहे. आज दुपारीच, त्या जुन्या मॉनिटरवरसुद्धा. डार्लीनचं निळं परत जाईल. पण फोटो दुरुस्त केला त्या दिवशी खोलीत काय झालं होतं? मी पाहिलं नव्हतं, असं मी सहा दिवस म्हणतेय. पाहिलं होतं मी. हात क्षणभर थांबला होता. काय बरं हे, असं मनात आलंही होतं, आणि विचारायला एक फोन पुरला असता... पण पाठ इतकी छान होत आली होती. आणि मग नेहमीची कळ दाबली, कातडीच्या रंगाची. आठ वर्षांपूर्वी एकदाच बसवलेला गुलाबी, तेव्हापासून सगळ्यांना तोच. तो कुठून घेतला होता तेही आता आठवलं—भाचीच्या फोटोवरून, स्टाइनबाख गावच्या शेतावर काढलेल्या, एरिकाच्या गालांवरून. व्हर्नाला ते जगातलं सगळ्यांत जिवंत बाळ वाटायचं. सगळ्यांना तिनं एरिकाचे गाल दिले होते. प्रेमानंच दिले होते.

दोनशे त्रेचाळीस. त्यांतली एकच आई असं विचारते. बाकीच्यांची आभाराची पत्रं खोलीतल्या खणात आहेत, अश्रूंचे डाग पडलेली. काही जणींनी बाळ तासभरच पाहिलं होतं, काहींनी भुलीच्या गुंगीत, एकीला तर धीरच झाला नव्हता. तिनं पाहिलं ते थेट फोटोत. त्या असं विचारणार नाहीत. त्यांना बाळ आठवतं ते व्हर्नानं पाठवलेलं, आणि काही चुकलंय असं वाटायला त्यांच्यापाशी दुसरं काही नाहीच. मूळ फोटो तिच्या कपाटात आहेत, सगळे. ते पाठवायचे? तुमचं बाळ असं नव्हतं, असं वरच्या ओळीत लिहून? भिंतीवरचं उतरवा म्हणून?

"मग मॅडम," रोमेल म्हणाला, "कुठला बांधू?"

पडद्यांवर पुन्हा पोपट आला होता. व्हर्नानं पेनड्राइव्ह परत कोटाच्या खिशात टाकला. नजर चुकली असती तर नवी नजर विकत घेता आली असती, चष्मा, पडदा, काहीही. पण तिला आता आपल्या मायेचीच भीती वाटायला लागली होती.