खिसेवाल्यांची मशीन

मी शिलाई मशीन बोलतेय. पायाने चालवायची, काळी, ओतीव लोखंडाची. विजेवर पळणाऱ्या त्या प्लॅस्टिकच्या पोरींत मला मोजू नका.

कुठल्या भट्टीत ओतली गेले ते आठवत नाही. आठवतं ते हे दुकान. मास्तरांच्या वडिलांनी मला दाराशी, उजेडात बसवलं. ते गेले, मास्तर बसले. शाळेचे गणवेश, वकिलांचे कोट, नवरदेवांचे सूट, सगळं माझ्या सुईखालून गेलं. मास्तर चपला काढून पायट्यावर पाय ठेवायचे आणि मी चालू लागायचे. ते पाय माझे होते. मास्तरांची बायको म्हणायची, "ही माझी सवत आहे. माझ्याशी बोलत नाहीत तेवढं हिच्याशी खडखडतात." मी ऐकायचे आणि जरा जास्तच डौलात चालायचे.

मग मलाच सवत आली. फुटबॉल क्लब.

आणली मेहुण्याने. मास्तरांच्या बायकोचा धाकटा भाऊ, बस दुरुस्त करणारा. गल्लीतली पोरं दुसऱ्यांच्या टीममध्ये राखीव बसून कंटाळली होती. "भाऊजी, आपलाच क्लब काढू," तो म्हणाला. सगळ्यांत खालच्या लीगमध्ये जागा मिळाली. अध्यक्ष मास्तर. कचेरी हे दुकान. मला कोणी विचारलं नाही.

चेंडू माझ्या फळीवर ठेवायचे. मास्तर त्याला फडक्याने पुसायचे. माझ्यावर धूळ. माझ्या तेलाची बाटली हवा भरायच्या पंपावर संपली. माझा पट्टा सैल पडला, मी कुरकुरले, तर मास्तर म्हणाले, "थांब गं, आज प्रॅक्टिस आहे." मला थांब म्हणाले! आणि त्या हवेच्या गोळ्यामागे स्वतः धावले. या वयात, चपला घालून.

लीगचा नियम होता. सगळ्यांचे शर्ट एकसारखे, नाहीतर मैदानात पाऊल नाही. मेहुणा म्हणाला, "तयार आणू. शिंप्याकडचे शर्ट घालून आता कोण खेळतं? आणि हे धूड मागच्या खोलीत टाकू. इथे कपांसाठी कपाट करू."

"कप कुठे आहेत?" बहिणीने विचारलं.

"येतील की, ताई."

"मग कपाटही तेव्हाच येऊ दे."

मास्तर चेंडू पुसत होते. म्हणाले, "शर्ट हीच शिवेल. हसं झालं, तर मी स्वतः हिला मागे सरकवीन."

मागची खोली मला माहीत आहे. तिला खिडकी नाही. तिथे गेलेलं सामान पुन्हा पुढे आलेलं मी पाहिलं नाही.

मी जीव तोडून चालले. निळं कापड, पांढरी कॉलर. टीप अशी, की मेहुण्याने दोन्ही हातांनी ओढून पाहिली आणि शर्ट घडी घालून ठेवला. पण मास्तरांचा हात सवयीचा. शर्ट म्हटला की डावीकडे खिसा. त्यांनी कापला, मी शिवला. दोघांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

सामन्याच्या सकाळी लंबू बचावपटूने शर्ट चढवला. "मास्तर, हा खिसा? खेळताना यात काय ठेवू?"

"रुमाल ठेव. खिसा नसला तर त्याला बनियन म्हणतात."

उसवायला वेळ नव्हता. तसेच गेले.

दुपारी मेहुणा आधी परतला, पाय आपटत. "पुरतं हसं झालं, ताई! समोरच्यांची माणसं ओरडत होती, 'ओ खिसेवाले, सुटे आहेत का?' चार गोल खाल्ले."

मास्तर मागून आले. सरळ माझ्याकडे आले आणि फळीखाली हात घातले. शब्दाचे पक्के. माझे पाय जमिनीवरून सुटले.

तेवढ्यात लंबू धापा टाकत दारात. "अहो मास्तर, हे काय?"

"शब्द दिला होता."

"पण शेवटचं याने सांगितलं का? आपल्या बुटक्याने एक गोल मारला. मारला तो मारला, धावत सुटला थेट त्या ओरडणाऱ्यांकडे. खिशातून रुमाल काढून पुढे केला. म्हणाला, 'सुटे नाहीत, रुमाल आहे. डोळे पुसा.' सगळं मैदान हसलं! आपली माणसं छातीवर थाप मारून ओरडत होती, 'खिसा! खिसा!' क्लबचं खरं नाव कोणाला माहीत तरी होतं का?"

मास्तरांनी मेहुण्याकडे पाहिलं. मेहुण्याने माझ्याकडे.

"खाली ठेवा तिला," बायको म्हणाली. "ती जायची मागे आणि तुम्ही पडायचे अंथरुणाला."

मेहुणा घसा खाकरून म्हणाला, "भाऊजी, खिसा राहू दे. पण बटण लावा. धावताना रुमाल पडतो."

तेव्हापासून मी दाराशीच आहे. बटणंही लावली. त्यांना आता सगळीकडे खिसेवाले म्हणतात. खिसा कोणी शिवला, ते कोणी विचारत नाही. चेंडू अजून माझ्याच फळीवर बसतो. मी त्याच्याशी बोलत नाही.

ते जिंकले की मास्तर त्यांच्या घोळक्यात असतात. दुकान बंद, मी एकटी. हरले की मात्र सरळ इथे येतात. दार लोटून घेतात, चपला काढतात, पायट्यावर पाय ठेवतात. खाली कापड नसतं, सुईत धागा नसतो. नुसती चालवत बसतात.

म्हणून एकच मागणं. तुमच्या मैदानावर खिसेवाले आले, तर शर्टाची टीप जवळून बघा. टाळ्याही वाजवा. पण अधूनमधून त्यांना हरवत जा.