मत फोडायचं नाही

चारकोपच्या ‘सिंधुसागर’ सोसायटीत कमिटीची निवडणूक लागली, तेव्हा दशरथ परबने आपल्या छत्री पॅनलच्या मतदारांना एकच मंत्र दिला: मत फोडायचं नाही. मतपत्रिकेवर दोन उभ्या रांगा. डावीकडे छत्री, उजवीकडे शिट्टी. छत्रीच्या रांगेत वरून खाली शिक्के मारत यायचं. “मध्ये डोकं आलं की मत फुटतं,” हे तो जिन्यात बोलला, गच्चीत बोलला, एका शोकसभेतही बोलला.

सेक्रेटरीपदाला तो स्वतः उभा होता आणि समोर शिट्टीचा चंद्रप्रकाश. हा पहिल्या मजल्यावरचा विधुर दर रविवारी वर्सोव्याला जाऊन मासे आणायचा आणि शेजाऱ्यांना वाटायचा. पिशवी आली की दशरथची बायको रुक्मिणी बांगड्याचा कल्ला उघडून बघायची. आत लालभडक. “भावजींना मासा कळतो हो,” ती म्हणायची. त्यातला तो ‘हो’ दशरथच्या घशात काट्यासारखा अडकायचा. एकदा ईर्ष्येने त्यानेही पापलेट आणलं होतं. रुक्मिणीने ते नुसत्या वासावरून मांजरीला टाकलं. मांजरीनेही जरा विचार केला.

निकाल रविवारी दुपारी लागला. छत्रीचे सगळे एका मताने आले. दशरथ तेवढा एका मताने पडला.

फुटलेली मतपत्रिका एकच होती. मोजणीला बसलेल्या नंदकिशोरने ती उंच धरली. वरपासून खालपर्यंत छत्री, फक्त सेक्रेटरीच्या ओळीत शिट्टी. म्हणजे त्या मतदाराला सगळी छत्री चालत होती, दशरथ सोडून.

“कोणी केलं असेल हो, भाऊ?” छत्रीची नवी खजिनदार, तिसऱ्या मजल्यावरची वनमाला, पदराने वारा घेत म्हणाली.

दशरथला विचारायची गरजच नव्हती. त्याच्या घरात दोन मतं होती. मधली भिंत पाडून दोन खोल्या जोडलेल्या, एक त्याच्या नावावर, एक रुक्मिणीच्या. रुक्मिणीच्या खोलीने दगा दिला होता.

घरी ताट वाढलेलं होतं. बांगड्याचं तिखलं, अर्थातच शिट्टीचं.

“मत फोडलंस ना?”

“मी? नाय.”

“अख्खी छत्री चालली, नवरा तेवढा नको. त्या मासेवाटप्याला दिलंस ना मत?”

“ओरडू नका. मी एकही फोडलं नाय. सरळ रांग मारली, तुम्ही सांगितलात तशी.”

दशरथ निवळला. मग त्याला रुक्मिणीचा चेहरा दिसला.

“कुठली रांग?”

“शिट्टीची.”

माणूस पडल्यावर अजून खाली पडायला जागा असते, हे दशरथला ठाऊक नव्हतं. पण पडता पडता त्याला बरंही वाटलं. म्हणजे चंद्रप्रकाशला असं निवडून, वेगळं काढून दिलं नव्हतं. तो आपला रांगेत आला होता, बाकीच्यांसारखा. पक्षाला मत होतं, माणसाला नव्हे. त्याने भाताला हात घातला.

“पण शिट्टी का गो?”

“छत्रीत ती वनमाला होती. तिला मी मत देऊ? आणि तिला सोडून बाकीच्यांना दिलं तर मत फुटतं. मग तुम्हीच बोंबलला असतात.”

“वनमालाने काय केलं तुझं? तिनेच फोडलं की काय मत?”

“मग कोण? सगळी छत्री तिची, आणि सेक्रेटरी पहिल्या मजल्यावरचा. बिल्डिंगमधली पोरंटोरंपण सांगतील.”

दशरथ खदखदून हसला. त्या विधुराचं सूत जमलं होतं, तेही तिसऱ्या मजल्यावर! पद गेलं तर गेलं, काटा निघाला. “जमू दे की! आपल्याला काय?”

रुक्मिणीने पळी पातेल्यात आपटली. रागावली की ती मालवणीवर यायची.

“आपल्याक काय? दर रविवारी गाबोळीचो मासो तिच्याकडे जाता आणि आमका नुसते बांगडे! तुमका काय वाटला, माका कळणा नाय?”

दशरथचा घास हातातच राहिला. आपल्या ताटातल्या माशात कधी गाबोळीची अंडी नसतात, हे त्याच्या आजवर ध्यानातही आलं नव्हतं. हिच्या मात्र आलं होतं. आणि लागलंही होतं.