रिकाम्या कप्प्यातली पायरी

मित्रांनो, मी एक जुना वर्णपटमापक आहे. नाव ऐकून बिचकू नका. माझ्या कप्प्यात काचेचा तुकडा ठेवला, की त्यातून कोणता प्रकाश किती पार झाला, हे मी रेषा काढून सांगतो. डोळ्यांना न दिसणारा, पण डोळ्यांना इजा करणारा अतिनील प्रकाशही मी मोजतो. त्यासाठी माझ्या पोटात दोन दिवे आहेत आणि एकाकडून दुसऱ्याकडे वळणारा एक छोटा आरसा.

नवा होतो तेव्हा माझे केवढे लाड होत! प्रयोगशाळेचे मोठे सर हात धुऊन मगच मला शिवत. माझा दोष काचेच्या नावावर जाऊ नये म्हणून रोज आधी रिकामा कप्पा मोजायचा आणि मगच काम, असा नियम होता. पुढे नियमाचा कंटाळा आला आणि कधीकाळी मोजलेली रिकाम्या कप्प्याची रेषाच सगळे तुलनेला वापरू लागले. माझे झाकण कोमट असते, म्हणून त्यावर चहाचे कप आले. एकदा सरांचा कप लवंडला. वरवर पुसून घेतले, आत झिरपले त्याचे कोणाला सोयरसुतक नव्हते. आरशाची बिजागरी चिकटली आणि तो अतिनील दिव्याकडे पुरता वळेना.

नेमकी तेव्हाच सरांच्या हाताखालच्या संशोधक ताईने आपली काच माझ्यात ठेवली. तिचे बाबा छापखान्यात होते. तिथे अतिनील दिव्यांखाली शाई वाळवत. अतिनील अडवणाऱ्या पिवळ्या चष्म्यातून रंग कळत नाहीत म्हणून ते उघड्या डोळ्यांनीच काम करत. त्यांच्यासाठी ताईने काचेवर अतिनील अडवेल असा रंगहीन थर चढवला होता. माझी रेषा सरळ चालता चालता अतिनीलपाशी पायरीसारखी खाली कोसळली. "वा! सगळा अडवला की गं," सर म्हणाले. ताईने तसाच थर दिलेल्या काचांचा चष्मा बाबांना दिला. कौतुक तिच्यासोबत माझेही झाले. आज ते आठवले की मान खाली जाते.

काही आठवड्यांनी बाबांचा फोन आला. ताईच्या हातात हातमोजे होते, म्हणून फोन टेबलावरच बोलत होता.

"डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतंय गं. वय झालं, दुसरं काय. चष्मा तर तू मोजून दिलायस."

ताईने माझ्यातली नमुन्याची काच काढली आणि रिकामा कप्पा मोजला. काच नसतानाही तीच पायरी पुन्हा उमटली; अतिनील काचेने अडवला नव्हता, माझ्यातच तो पोचत नव्हता. मित्रांनो, त्या क्षणी मला तोंड लपवायला जागा नव्हती.

तिने मला उघडले, कापसाने आरसा आणि त्याची बिजागरी पुसली. कापूस तपकिरी झाला. तेवढ्यात सर कप घेऊन आले आणि सवयीने झाकण शोधू लागले. कापूस पाहून त्यांचा हात थबकला.

"माझा चहा?" त्यांनी हळूच विचारले.

"कप मीही ठेवायचे, सर. आणि रिकामं मोजायचं मीच टाळलं."

आरसा पुरता वळल्यावर तिने काच पुन्हा मोजली. जवळजवळ सगळा अतिनील प्रकाश आरपार गेला. ताईने लगेच फोन लावला.

"बाबा, तो चष्मा काढा आणि दिव्यांपासून लांब व्हा. माझं मोजणं चुकलं."

पलीकडे छपाईची घरघर लांब लांब जात गेली.

"म्हणजे माझे डोळे खरं सांगत होते," बाबा म्हणाले.

मित्रांनो, मला स्वच्छ ठेवा. काही विचारण्याआधी एकदा मला रिकामा मोजा. आणि कोणी डोळे चुरचुरतात म्हणाले, तर माझ्या रेषेआधी त्यांचे ऐका.