सतरंज्या, सहा नग

आई मंगळवारी पहाटे गेली आणि सकाळी नऊला मी दुकानात कॉम्प्युटर चालू करून बसले होते. लोक म्हणले असतील, काय बाई हाय ही! म्हणू दे. मला रडू येत न्हवतं, आणि काम आईचंच होतं.

निलंग्याच्या स्टँडजवळ माझं टायपिंगचं दुकान. आमच्या चर्चची नवी घटना, म्हणजे नियमांचं पुस्तक, मीच टाइप करून दिलं होतं, बासष्ट पानं. आई, महामाया, त्या चर्चमध्ये तीस वर्षं झाडलोट करायची, सतरंज्या टाकायची आणि उपासनेला शेवटच्या ओळीत बसायची. तिचं एकच मागणं होतं, 'मला चर्चमागच्या कब्रस्तानातच पुरा.' पण तिनं बाप्तिस्मा घेतला न्हवता. घेतला की जातीचा दाखला जाईल, मग मला, अंजूला, सरकारी नोकरी कशी लागंल? 'तुझी लागू दे, मग घेते,' म्हणायची. आमच्याकडं अशी लई घरं हायत. रविवारी चर्चमध्ये, कागदावर हिंदू.

चर्चचे चिटणीस आलोक सर माझ्या शेजारी स्टूल ओढून बसले. आमच्या धर्मगुरूंनी, पाळकसाहेबांनी, त्यांना पाठवलं होतं.

"नियमात जागा सापडली तर दुपारी पुरू, अंजू. शोध."

मी 'दफन' टाकलं. चौदा ठिकाणी निघालं. चौदाही ठिकाणी त्याच्या आधी 'बाप्तिस्मा घेतलेला सभासद'.

"अजून बघ."

बघितलं. मग हात थांबेचना. सभासद, दोनशे एकतीस. समिती, एकशे अठरा. मालमत्ता, सत्त्याऐंशी. प्रीती हा शब्द दोनदा, दोन्ही पहिल्या पानावर. विधवा शून्य. झाडलोट शून्य. सतरंज्या मात्र एकदा सापडल्या, मालमत्तेच्या यादीत. 'सतरंज्या, सहा नग.'

"सर, सतरंज्या हायत," मी म्हणले. "टाकणारी न्हाई."

सरांनी चष्मा काढून पुसला. "असं बोलू नकोस गं."

"मी कुठं बोलायलेय? तुमच्या घटनेत हाय ते वाचलं."

राग होता, पण तो सुद्धा दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा वाटत होता. मी म्हणले, "एक ओळ घालते. 'किंवा उपासनेला नेमानं येणारे.' छापायचं बाकीच हाय. कोण वाचतंय?"

सरांनी माउसवरचा माझा हात बाजूला केला. त्यांचे डोळे भरले होते, माझे कोरडे.

"मसुद्यावर सह्या झाल्यात, बाई," ते म्हणाले. "आज तुझ्यासाठी घातली, तर उद्या कुणीबी घालंल."

दुपारी बालाजीमामानं आईला तिच्या माहेरी, जळकोटला नेलं आणि हिंदू रीतीनं अग्नी दिला. पाळकसाहेब आले होते. मान खाली घालून लांब उभे राहिले, प्रार्थना केली असली तरी मला ऐकू आली न्हाई.

शनिवारी सर घटनेची प्रिंट न्यायला आले. जाता जाता दारात थांबले.

"तिला मरायच्या आधी बाप्तिस्मा घ्यायला लावायचा होतास, अंजू. नोकरीचं काय, झालं असतं कायतरी."

मी व्हय म्हणले आणि त्यांच्यामागं दार लोटून घेतलं.

काय सांगू त्यांना? नोकरीच्या परीक्षांचा नाद मी दोन वर्षांपूर्वीच सोडला होता. वय उलटून गेलं होतं. त्या दाखल्याचा कुणालाच काही उपयोग राहिला न्हवता. तेवढं आईला सांगायची लाज वाटली. दर रविवारी चर्चमधून आली की ती विचारायची, "लागली का गं?"

आणि मी म्हणायचे, "निकाल यायचाय."